बी.ए.नं ओझं उचलायचं नाही

त्या वर्षांत माझ्या ओटीवर येणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न एकच विचारत असे. "पदवी बाजूला ठेव. तुला येतं काय काय?"

महाडला मी एका वकिलांकडे कारकून होतो. कोर्टाला सुट्टी असली की सकाळी ही मुलं येत. कोणी मॅट्रिक, कोणी इंटरला थांबलेला, मधूनच एखादा बी.ए. मंदीचे दिवस होते. कचेऱ्यांत जे होते त्यांचेच पगार कापले जात होते, तिथे नवा माणूस कोण घेणार? मामलेदार कचेरीत एक मुलगा दोन पावसाळे बिनपगारी उमेदवारी करत होता. दौतीत शाई भरायची, टाक पुसायचे आणि कोणी रिटायर होतं का याकडे डोळे लावून बसायचं. मुंबईच्या पेढ्या आधी निदान नकार तरी कळवत, पुढे तेही बंद झालं.

हे काम मला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. कोर्ट, बंदर, भाताच्या आणि हिरड्याच्या वखारी, मोटरवाले, सगळीकडे माझं रोजचं जाणं-येणं. कुठे माणूस हवा आहे ते कानावर येई आणि मला टिपून ठेवायची खोड. एका मुलाचं जमलं, त्यानं दुसऱ्याला पाठवलं, आणि मग ते थांबलंच नाही.

मी कागदावर तीन रकाने पाडत असे. येतं काय, चालेल काय, चालणार नाही काय. पहिल्यात इंग्रजी, संस्कृत, हिशेब. दुसऱ्यात बहुतेक जण सांगत, "कोणतंही योग्य काम." तिसऱ्याला मात्र कागद पुरत नसे. तराजू धरणार नाही. दारोदार जाणार नाही. महाडात नको, ओळखीचे बघतात. मी सांगे की बाबा, तिसऱ्या रकान्यातलं एक तरी आज खोडून जा. मुलं माना डोलवत, आणि पुढच्या सुट्टीला तोच रकाना घेऊन परत येत.

"दुकान उघडलं का तुमचं?" बायको आतून विचारी. "चहा टाकू, की ताकावर भागेल?"

"ताक."

"म्हणजे आजही कोणी कामाचं आलेलं दिसत नाही."

अशी चार-पाच वर्षं गेली होती. पाच-सहा मुलं कुठे ना कुठे लागलीही होती. पण मला आता ओटीवर चपला दिसल्या की आधी दमायला होई.

अशाच एका सकाळी हा मुलगा आला. कुडपणच्या अंगाला, पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथला. पुण्याला राहून दोन वर्षांपूर्वी बी.ए. झालेला. त्या पट्ट्यातला बहुधा पहिलाच. उंच, रुंद खांद्यांचा, आणि बस म्हटलं तरी उभाच.

"येतं काय?"

"इंग्रजी, इतिहास. आणि नांगर धरता येतो. छप्पर शाकारता येतं."

"चालेल काय?"

"काहीही."

"सगळे असंच म्हणतात. हिरड्याच्या वखारीत पोती मोजशील?"

"चालेल."

"उचलशील?"

"चालेल."

"गावची माणसं बघतील."

तो पहिल्यांदा हसला. "तीच तर बघत नाहीत, काका. म्हणजे बघतात, पण उचलू देत नाहीत."

मी हातातला टाक खाली ठेवला. असा रिकामा तिसरा रकाना मी तोवर पाहिला नव्हता. "मग दोन वर्षं घरी काय करत होतास?"

"बसून आहे. मला बसवून ठेवलंय."

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई एकटी. त्याच्या शिक्षणाला वाडीतल्या प्रत्येक घरानं हात लावला होता. सुगीला घरटी थोडी नाचणी काढून ठेवत. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्यांनी तिथल्या वाडीच्या सामाईक खोलीवर त्याला सुट्टीत ठेवून घेतलं, जेवू घातलं. पास होऊन तो घरी आला तेव्हा माणसं घाट उतरून खाली आली, त्याची ट्रंक काढून घेतली, हातातली पिशवीसुद्धा घेतली, आणि त्याला मोकळ्या हातानं वर नेलं. त्या दिवसापासून वाडीत त्याच्या हातात कोणी काही राहू दिलं नाही. पाण्याची कळशी उचलली तर बायका येऊन काढून घेत. लाकडाची मोळी बांधली तर कोणीतरी म्हातारा धावत येई. बी.ए.नं ओझं उचलायचं नाही, हा जणू गावानं केलेला कायदाच होता.

आणि हे नुसतं मानापुरतं नव्हतं. त्या डोंगरात कोणीच आपलं काम एकट्यानं करू शकत नाही. त्यांची सावड असते. आज माझ्या शेतावर प्रत्येक घरातलं एक माणूस, उद्या तुझ्या शेतावर माझ्या घरातलं. लावणी, कापणी, छपराची शाकारणी, सगळं असंच पाळीपाळीनं. ज्या घरानं माणूस दिलं नाही त्याच्याकडे माणूस येत नाही. ह्याच्या घरात माणूस होतं, पण ते कोणी घेत नव्हतं.

मी त्याचं नाव माझ्या कागदावर सर्वांत वर लिहिलं. हे सोपं काम आहे असं मला वाटलं होतं.

पोलादपूरहून महाडला मोटर चालवणारा एक मालक माझ्या ओळखीचा होता. त्याला पोलादपूरच्या नाक्यावर माणूस हवा होता. तिकिटं फाडायची, उतारूंचं सामान टपावर चढवायचं, बांधायचं, मोटरीबरोबर महाडला येऊन उतरवायचं.

"बीए?" मालक म्हणाला. "माझा ड्रायव्हर तिसरी नापास आहे. दोघांचं जमायचं कसं?"

"हा वरच्या डोंगरातला आहे. तिकडची माणसं मुंबईला जातात ती याच्या ओळखीची. ती तुमच्याच मोटरीत बसतील."

हे मी अगदी मनापासून सांगितलं. ह्याच एका गोष्टीवर मालकानं त्याला ठेवलं.

शिमग्याला मुंबईची माणसं गावाला आली आणि सण उरकून परत निघू लागली. पाठोपाठ मालकाचा निरोप आला, ताबडतोब या. मी गेलो आणि नाक्यावर जे पाहिलं ते असं.

वाडीतला एक गिरणीवाला खांद्यावर ट्रंक घेऊन आला. आमचा बीए पुढे झाला आणि त्यानं ट्रंकेची कडी धरली.

"सोडा ओ, बीएसाहेब!"

"काका, माझं कामच आहे हे."

"तुमचं काम नाय ह्ये. पाप लागंल आमाला. सोडा म्हंतो ना!"

"अहो, टपावर ठेवायचीय नुसती."

"मी ठेवतो."

"टपावर उतारूला चढू देत नाहीत."

"मंग ऱ्हाऊ द्या!"

दोघांनी दोन बाजूंनी ओढली आणि ट्रंकेचा कोयंडा निसटला. नाचणीचं पीठ, सुके बोंबील आणि बायकोनं दिलेला लोणच्याचा डबा रस्त्यावर आला. दोघेही वाकून भरायला लागले. तेवढ्यातही तो गिरणीवाला बीएच्या हातातले बोंबील काढून घेत होता. मग त्यानं ट्रंक दोरीनं आवळली, डोक्यावर घेतली आणि महाडच्या रस्त्यानं चालू लागला. त्याच्या मागून वाडीतली बाकीची माणसं. थोड्या वेळानं आमची अर्धी रिकामी मोटर त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली. कोणी वर पाहिलं नाही.

"बघितलंत?" मालक मला म्हणाला. "आधी निदान अर्धे तरी बसायचे. तुमच्या माणसानं माझी गिऱ्हाइकं पायी घालवली."

"त्याला नुसती तिकिटं फाडू द्या. सामानाला दुसरा ठेवा."

"एका मोटरीला दोन माणसं? मंदी काय तुमच्या एकट्याच्या ओटीवर आलीय?" मग तो जरा नरमला. पोरगा प्रामाणिक होता, हे त्यालाही दिसत होतं. "वैशाखात मुंबईकर पुन्हा येतील. परत जाताना ते माझ्या मोटरीत बसले पाहिजेत. नाही बसले तर तुमचा बीए तुम्ही घेऊन जा."

वैशाखात कोर्टाला सुट्टी असते. मी बायकोला सांगितलं की डोंगरात जाऊन येतो.

"आता गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन दुकान मांडणार?" ती म्हणाली, आणि दशम्या बांधून दिल्या.

बीए रजा घेऊन बरोबर आला. चढण उभी होती. माझी पिशवी त्यानं खांद्यावर घेतली होती. वाडी दिसायला लागली तसा समोरून एक जण आला आणि काही न बोलता त्यानं ती पिशवी त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली. बीएनं माझ्याकडे पाहिलं. मला धाप लागली होती.

वाडीत शाकारणीचे दिवस होते. पावसाळ्याआधी सगळ्या घरांवर नवं गवत चढायचं होतं. संध्याकाळी देवळाच्या पडवीत गावकी बसली. सगळे ज्याला आबा म्हणत तो म्हातारा मधे. मुंबईकर कडेला विड्या ओढत. बीए खांबाला टेकून उभा. बायका बाहेर अंधाराच्या कडेला.

मी मुद्दे घरून मांडून नेले होते. सरकारी जागा निघत नाहीत. मोटरीचा धंदा वाढणार आहे. आज सामान चढवणारा उद्या स्वतःची मोटर घेऊ शकतो. मी एकेक मुद्दा सांगत गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमचे वकीलसाहेब," आबा म्हणाले, "ते भारा उचलत्यात?"

"नाही."

"आन तुमी?"

"घरचं सामान उचलतो की."

"तुमी बीए हाय?"

"नाही. मी मॅट्रिकसुद्धा नाही."

"तेच म्हंतो मी. म्हनून उचलता."

पडवीत हसू पसरलं. मीही हसलो.

एक मुंबईकर म्हणाला, "आमच्या खोलीत बाजूच्या गाववाल्यांना आमी काय सांगितलाय ठाऊक हाय? आमचा मानूस मामलेदार होनार. आन आता तो पोलादपुराला आमच्याच ट्रंका उचलनार? तोंड कुठं दाखवायचं आमी?"

"दोन वर्षांत मामलेदाराची एक जागा निघालेली नाही," मी म्हणालो.

"निघंल. आमाला घाई नाय."

"त्याला आहे ना," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उठून जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी मुलांच्या मागे लागलो की तुमचं 'चालणार नाही' खोडा. इथे त्या मुलाचं काही खोडायचंच नव्हतं. ते सगळं गावाच्या मनात लिहिलेलं होतं, आणि प्रेमानं लिहिलेलं होतं. ते माझ्याच्यानं कसं खोडवणार?

तेव्हा बाहेरच्या अंधारातून एक बाई बोलली. आवाजावरून नाही, पण बीए खांबापासून सरळ झाला त्यावरून मला कळलं की ही त्याची आई.

"आबा, मी बोलू?"

"बोल गो."

"गेल्या साली माज्या घरावर तुमी समदे चढला. छप्पर शाकारलंत. मी भाकरी केल्या, तर तुमी खाल्ल्या नाय. म्हनलात, बीएचं घर हाय, आमी मानानं आलो. आलात ना?"

"आलो की. उपकार नाय केले, गो."

"उपकारच झाला तो. माज्या घरातलं मानूस कुनाच्या छपरावर चढू दिलंत तुमी? ह्याचा बाप होता तवा आमचं छप्पर आमचं व्हतं. त्याची पाळी आमी फेडलेली असायची. आत्ता ते फुकटचं छप्पर हाय. पावसाळाभर गळलं नाय, पन त्याच्याखाली मला झोप नाय लागली."

कोणीतरी विडी विझवली.

"लावणीला मी कुन्या तोंडानं बोलवू तुमाला? मी, आन माजी बहीन येती ती. दोघींनी किती लावायची? अर्धं रान पडीक हाय. मानूस हाय घरात, बैलावानी हाय, आन वाडीत आला की मान घिऊन ओटीवर बसतोय." तिचा आवाज एकदम खाली आला. "मान नको आमाला. पाळी द्या."

आबा जमिनीकडे बघत होते. बीए आईकडे बघत नव्हता, तोही जमिनीकडेच बघत होता. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, आणि मग हा विषय पुन्हा निघायचा नाही.

"उद्या कुनाचं छप्पर हाय?" आबांनी विचारलं.

"माजं," तो ट्रंकवाला गिरणीवाला म्हणाला.

"मंग," आबा थांबले. मग अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "तुज्या लेकाला धाड."

एवढंच. ट्रंकेबद्दल, मोटरीबद्दल कोणी काही बोललं नाही. मी विचारायला तोंड उघडलं होतं, पण बीएनं माझ्या बाहीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मी ते छप्पर बघत बसलो. सकाळी त्याच्याकडे नुसते दोर देत होते. मग गवताच्या लहान पेंढ्या. दुपारी कधीतरी तो वर चढला, आणि खालून त्याचा एक चुलतभाऊ ओरडला, "आरं पडशील रे, येड्या!" सगळे हसले. तोही हसला. त्याच्या आईनं त्या दिवशी गिरणीवाल्याच्या घरची भाकरी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. ती तिच्या लेकाच्या कामाची भाकरी होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही उतरलो. मुंबईकर परत निघाले होते आणि आबाही लेकाकडे मुंबईला चालले होते. सगळ्यांच्या डोक्यावर आपापलं सामान. बीएच्या खांद्यावर त्याचं स्वतःचं गाठोडं होतं आणि ह्या वेळी ते कोणी काढून घेतलं नाही. मी मनात म्हटलं, एवढं झालं.

नाक्यावर मोटर उभी होती. मालक स्वतः आलेला. बीए गाठोडं ठेवून थेट टपावर चढला आणि खाली हात करून उभा राहिला. वाडीची माणसं खाली उभी. कोणी पुढे होईना. गिरणीवाल्यानं एकदा महाडच्या रस्त्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मालक माझ्याकडे बघत होता आणि मी मुद्दाम दुसरीकडे.

आबा पुढे झाले. त्यांच्या एका हातात गाठोडं होतं, दुसऱ्या हातात छत्री. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं, आणि छत्री वर केली.

"ही ठेव. नीट बांध."

बीएनं ती छत्री घेतली. मोकळ्या टपावर मधोमध ठेवली. सामानाचा जाड दोर घेऊन ती एवढीशी छत्री त्यानं अशी बांधली की जणू घाटात वादळ येणार होतं. खाली सगळे वर बघत होते. कोणी हसलं नाही.

मग आबा आत जाऊन बसले, गाठोडं मांडीवर घेऊन. त्यांच्यामागून एकेक जण, ट्रंका पायांत, टोपल्या मांडीवर. गिरणीवाला शेवटी चढला.

"हे काय?" ड्रायव्हर ओरडला. "टप मोकळा आणि आत पाय ठेवायला जागा नाही!"

"माणसं बसली ना?" मालक म्हणाला. "मग सामान डोक्यावर घेऊन बसू देत. चल, सोड."

माझ्या एका गुडघ्यावर कोणाची तरी कोंबड्यांची टोपली होती आणि दुसऱ्यावर आबांच्या गाठोड्याचा अर्धा भार. महाडपर्यंत मला पाय हलवता आला नाही. मधेच आबांनी विचारलं, "छत्री पडायची नाय ना?"

"नाही पडणार."

"नाय पडायची," ते म्हणाले.

मी बाहेर बघत होतो. मालक आता बीएला काढणार नाही, असं मला वाटत होतं. वाडीच्या मनाचं मात्र मी सांगू शकत नव्हतो. घरी गेल्यावर ओटीवर कोणीतरी बसलेलं असणार, आणि त्याला मी पुन्हा तेच विचारणार होतो.

महाडला मोटर थांबली. मुंबईकर उतरून धरमतरच्या मोटरीकडे निघाले, तिथून त्यांना मुंबईची बोट धरायची होती. बीएनं टपावरची गाठ सोडली, उडी मारून खाली आला आणि छत्री दोन्ही हातांनी पुढे केली. आबांनी ती घेतली, उघडून बघितली, मिटली. तरी ते तिथेच उभे होते.

मग त्यांनी गाठोडं त्याच्यापुढे धरलं.

"हे धरमतरच्या गाडीपत्तुर आन. हलकं हाय."

बीएनं ते उचलून डोक्यावर घेतलं आणि त्यांच्यामागून चालायला लागला. ते हलकं नव्हतं. माझा गुडघा पुढचे दोन दिवस दुखत होता.